रात्रीच्या फोटोत ‘काहीतरी’ आलंय? तपासणी काचेपासून सुरू करा

लक्षणं आधी. तुमच्या फोटोत यातलं काय आहे ते बघा:

– चंद्राचा फोटो काढलात, चंद्र नुसता पांढरा गोळा आलाय आणि फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला एक हिरवट-निळा ठिपका, नाहीतर छोटी उलटी कोर. डोळ्यांना मात्र तिथे काहीच दिसलं नव्हतं.
– काळ्या आकाशात एकच लाल किंवा निळं टिंब. मोठं करून पाहिलं तर चौकोनी.
– सरळ रेघ. कधी अखंड, कधी धावदोऱ्यासारखी तुटक.
– शेवईसारखी वेडीवाकडी रेघ.
– धुरकट, आरपार दिसणारे गोळे. एक किंवा पन्नास.
– क्षितिजाजवळ रंग बदलत चमकणारा दिवा, अर्धा तास झाला तरी जवळपास तिथेच.
– झूम केल्यावर हिऱ्यासारखी किंवा जेलीफिशसारखी दिसणारी, धडधडणारी ‘वस्तू’.

मी घाटकोपरला राहतो. आकाशदर्शनाचा जुना नाद आहे, आणि तो सोसायटीत नि नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे रात्री साडेअकराला फोटो येतो, खाली एकच ओळ: ‘दादा, हे काय आहे?’ बहुतेक वेळा उत्तर आकाशात नसतंच. ते भिंगावर, खिडकीच्या काचेत किंवा समोरच्या टॉवरवर असतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हातातला फोन, मग खोली, मग गल्ली, मग विमानं, मग ग्रह-तारे, आणि बाकीचं सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि पहिल्या दहा मिनिटांतच परग्रहावर पोचतात.

मूळ फोटो कुठे आहे?

याला पैसा लागत नाही, तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि तो कधी काढला, किती सेकंदांचा होता, ही फाइलमधली माहिती गळून गेलेली असते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. कातरलेला फोटो नको, पूर्ण फ्रेम हवी, कारण पुढे येणारी ‘मध्यातून रेघ ओढा’ ही तपासणी फ्रेमचा मध्य कुठे आहे यावरच चालते. आणि त्या फोटोच्या आधी-नंतर काढलेले फोटोही मागवा, हुकलेले असले तरी. ‘ते धूसर आले म्हणून डिलीट केले’ असं ऐकलं की मी कपाळाला हात लावतो. धूसर चालतात. दुसऱ्या फोटोत ती वस्तू आहे की नाही, असली तर कुठे सरकली, एवढंच बघायचं असतं.

काच पुसा, खिडकी उघडा

बोटाचा ओशटपणा भिंगावर पसरला की प्रत्येक दिव्याला एक लांब पट्टा फुटतो, आणि तो पुसल्याच्या खुणांना आडवा असतो. बनियनने पुसलंत तरी चालेल, पण पुसा. फोनच्या कव्हरची कड भिंगावर येत असेल तर कव्हर काढून एक फोटो घ्या.

स्लायडिंग खिडकीच्या काचेतून काढला असेल तर पुढे काही तपासू नका. काच सरकवा आणि पुन्हा काढा. काचेत घरातला राउटर, टीव्हीचा लाल दिवा, देवघरातली विजेची समई, सगळं आकाशात लटकल्यासारखं दिसतं. शिवाय काचेच्या दोन पृष्ठभागांमुळे चंद्राशेजारी एक फिका जुळा चंद्र येतो. खिडकी उघडत नसेल तर खोलीतला प्रत्येक दिवा बंद करा आणि फोन काचेला टेकवून काढा.

मध्यातून रेघ ओढा

माझ्याकडे येणाऱ्या चंद्राच्या फोटोंचा निकाल बहुधा इथेच लागतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

फोनच्या भिंगात पाच-सहा-सात छोटी भिंगं एकामागे एक बसवलेली असतात. प्रखर दिव्याचा थोडा प्रकाश त्यांच्या पृष्ठभागांवरून उलटसुलट परावर्तित होत सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पडतो आणि त्या दिव्याची फिकी प्रतिमा उमटवतो. छायाचित्रकार तिला ‘घोस्ट’ म्हणतात. तिची एक खोड आहे: ती फ्रेमच्या मध्यबिंदूच्या बरोबर समोर बसते. चंद्र वर डावीकडे असेल तर घोस्ट खाली उजवीकडे, मध्यापासून साधारण तितक्याच अंतरावर, आणि बहुधा उलटी.

फोटो उघडा, स्क्रीनवर पट्टी ठेवा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन कर्ण कल्पून मध्य काढा. मग चंद्रापासून मध्यातून जाणारी रेघ धरा. ‘वस्तू’ त्या रेघेवर, पलीकडे तेवढ्याच अंतरावर सापडली तर काम झालं. रस्त्यावरचे एलईडी दिवे फ्रेममध्ये असतील तर प्रत्येकाची जोडी शोधा. एकदा मरीन ड्राइव्हवरून काढलेल्या फोटोत समुद्रावर हिरव्या ठिपक्यांची अख्खी कमान आली होती. ‘ताफा आहे’ असा निरोप आला. मी फोटो उलटा फिरवून बाजूला ठेवला. राणीच्या हारातले दिवे आणि तो ताफा ठिपक्याला ठिपका जुळले.

समोर अजून दिवा असेल तर याहून सोपी खात्री आहे. फोन किंचित हलवा. खरा तारा स्क्रीनवर चंद्राबरोबरच सरकतो, घोस्ट चंद्राच्या उलट दिशेला पळते. बोट मध्ये धरून चंद्र झाकलात तर तीही विझते.

सगळे दिवे सारखेच वळवळलेत का?

शेवईसारखी रेघ आली असेल तर फोटोतला एखादा रस्त्यावरचा दिवा मोठा करून बघा. त्याचीही तशीच शेवई झाली असेल तर तुमचा हात हलला. लोकल जाताना रुळांजवळच्या गच्चीवर ठेवलेला स्टँडसुद्धा थरथरतो. इमारती स्थिर आणि एकटी ‘वस्तू’ वाकडी असेल, तरच पुढे चला.

भिंग झाकून एक फोटो

चौकोनी रंगीत टिंबासाठी ही तपासणी. सेन्सरवरचे काही बिंदू बिघडलेले असतात, अंधारातही ते ‘इथे प्रकाश आहे’ असं सांगत राहतात. त्यांना हॉट पिक्सेल म्हणतात. सेन्सर तापला आणि एक्स्पोजर (एक फोटो घ्यायला लागणारा वेळ) लांबलं की त्यांची संख्या वाढते. मे महिन्यात मुंबईच्या गच्चीवर तासभर कॅमेरा चालवलात तर ते दिसणारच. तेवढ्याच सेकंदांचा एक फोटो भिंग पूर्ण झाकून काढा. टिंब त्याच जागी आलं तर ते आकाशातलं नाही.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. वांगणीला, डिसेंबरात, मृग नक्षत्राचे चाळीस फोटो काढले आणि मृगाच्या पट्ट्याच्या वर मला एक लाल ‘तारा’ दिसला, जो नकाशात नव्हता. हात गारठलेले, चहा संपलेला, आणि मी शेजारच्या दोघांना उठवून सांगतोय की नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, सापडला. घरी आल्यावर चाळीस फोटो एकामागे एक पळवले. सगळे तारे हळूहळू पश्चिमेकडे सरकत होते. माझा नवतारा फ्रेमला खिळा ठोकल्यासारखा होता. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं. कॅमेरा स्थिर असताना जो तारा सरकत नाही, तो कॅमेऱ्यातच आहे. (त्या दोघांपैकी एक अजूनही मला भेटला की ‘काय म्हणतोय नवतारा?’ असं विचारतो.)

फ्लॅश, पाऊस, पाखरं

धुरकट गोळे म्हणजे भिंगाच्या अगदी पुढ्यात असलेले धूलिकण किंवा पावसाचे थेंब, फ्लॅशने उजळलेले. फोकस लांब असल्यामुळे जवळचा कण फुगून चकती होतो. आकाशाच्या फोटोला फ्लॅशचा उपयोग शून्य; बंद करा, गोळे गेले.

इथे एक सांगायला हवं. पितृपंधरवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी असाच एक फोटो दाखवला. गॅलरीत काढलेला, रिमझिम पाऊस आणि एकच मोठा गोळा. त्यांनी विचारलं काहीच नाही, नुसता फोन पुढे केला. मीही थेंबांचं भौतिकशास्त्र काढलं नाही. त्यांच्याच गॅलरीत उभं राहून फ्लॅश लावून एक फोटो काढला, गोळे आले. फ्लॅश बंद करून दुसरा काढला, नाही आले. दोन्ही त्यांच्या फोनमध्ये ठेवले. बघायचं त्यांनी ठरवावं.

फ्रेमभर पसरलेली पुसट, बाजूने फिस्कारलेली रेघ आली तर ती बहुधा किड्याची किंवा वटवाघळाची. शहराचा उजेड खालून त्यांच्या पोटावर पडतो, त्यामुळे ती काळ्या आकाशात पांढरट दिसतात.

सकाळी त्याच फरशीवर उभे राहा

ही तपासणी फुकट आहे आणि कुणीही करत नाही. हिवाळ्यात मुंबईवर धुरकं बसलं की लांबची इमारत रात्री पूर्ण नाहीशी होते, पण तिच्या माथ्यावरचा लाल दिवा तेवढा दिसत राहतो. बांधकामावरच्या क्रेनचा तर आणखी घोळ, कारण क्रेन वळते आणि दिवा हळूच सरकतो. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने सलग तीन रात्री चेंबूरच्या दिशेला असा दिवा टिपला होता. मी त्याला म्हटलं, गच्चीवर ज्या फरशीवर उभा होतास तिच्यावर खडूने खूण कर आणि सकाळी तिथूनच, तितक्याच झूमने फोटो काढ. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. क्रेनचा हात नेमका दिव्याखाली.

विमान

मुंबईत याला वेगळा परिच्छेद द्यावाच लागतो. वारा पश्चिमेकडून असला की विमानं पूर्वेकडून, खाडी ओलांडून आमच्या घाटकोपरवरून उतरतात. पूर्वेला तोंड करून उभे राहिलात तर उतरण्याचे दिवे थेट तुमच्यावर रोखलेले असतात आणि विमान तुमच्याकडेच येत असल्यामुळे मिनिट-दोन मिनिटं हललेलं वाटत नाही. संध्याकाळी एकामागे एक दोन-तीन लागलेली असतात, माळेतल्या मण्यांसारखी. आता नवी मुंबईचं विमानतळही आहे, तेव्हा दिव्यांच्या वाटा वाढल्या आहेत.

डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, शिवाय पांढरा लुकलुकता. तुमच्या उजव्या हाताला लाल दिसत असेल तर विमान तुमच्याकडे तोंड करून आहे. लांब एक्स्पोजरमध्ये याचं रूप म्हणजे एक-दोन बारीक समांतर रेघा आणि ठरावीक अंतरावर टपोरे ठिपके. फोटोची वेळ मिनिटापर्यंत ठाऊक असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४वर मागे जाऊन बघता येतं.

एक खाचखळगा सांभाळा. फोनचा नाइट मोड एक फोटो काढत नाही. अनेक छोटे फोटो काढून जोडतो. मधल्या फटींमुळे अखंड जाणारी वस्तूही तुटक दिसते. त्यामुळे ‘तुटक म्हणजे विमान’ असं लगेच म्हणू नका. शेजारी लाल-हिरवं काही आहे का ते बघा.

ड्रोन आणि लग्नसराईतले उडते कंदीलही याच गटात. कंदील नारिंगी असतो, वाऱ्याच्या दिशेनेच जातो आणि काही मिनिटांत विझतो.

ग्रह आणि तारे

मुंबईच्या उजेडात फोनला मोजकेच तारे सापडतात, त्यामुळे जो सापडतो तो एकटा आणि उठून दिसतो. स्टेलारियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं मोफत ॲप उघडा, ठिकाण मुंबई, फोटोची नेमकी तारीख-वेळ घाला, आणि फोटोतल्या दिशेला बघा. पाच मिनिटांचं काम.

नेहमीचे आरोपी चार. शुक्र सगळ्यात तेजस्वी, पण तो सूर्यापासून साधारण ४७ अंशांहून लांब जात नाही. म्हणजे संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला. कुणी मध्यरात्री डोक्यावरचा ‘शुक्र’ दाखवला तर तो गुरू असण्याची शक्यता मोठी. २४ मार्च २०२३च्या संध्याकाळी चंद्रकोरीला अगदी चिकटून शुक्र आला होता, तेव्हा माझा फोन रात्रभर वाजत होता. तिसरा व्याध. मार्च-एप्रिलमध्ये उशिरा रात्री तो पश्चिमेकडे मावळायला टेकतो आणि जुहू किंवा अक्सा किनाऱ्यावरून लाल-हिरवा-निळा चमकतो. क्षितिजाजवळ प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, म्हणून रंग फुटतात. चौथा अगस्ती: हिवाळ्यात दक्षिणेला, मुंबईतून जेमतेम १८ अंश वर येतो, आणि तेवढ्याने गोंधळ घालतो.

झूम केल्यावर दिसणारी धडधडणारी जेलीफिश हीदेखील यांच्यापैकीच कुणीतरी. बिंदूवर फोकस लागत नाही म्हणून फोन पुढे-मागे चाचपडतो आणि बिंदूचा फुगा होतो-जातो. फोकस हाताने ‘अनंत’वर लावा, फुगा पुन्हा बिंदू होईल.

उपग्रह, आणि ‘तारा तुटला’

हात लांब करून मूठ धरलीत की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि डोक्यावर असताना सेकंदाला जवळपास एक अंश सरकतं. म्हणजे दहा सेकंदांच्या फोटोत मूठभर लांबीची, ठिपके नसलेली पांढरी रेघ. स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह एकामागे एक रांगेने जातात. मे २०१९मध्ये पहिले ६० गेले तेव्हापासून ‘आकाशात ट्रेन’ हा निरोप मला पाठ झालाय.

इथे घड्याळ कामाला येतं. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो, तो उन्हात असला तरच दिसतो. मुंबई १९ अंश उत्तरेवर आहे. इथून मध्यरात्री डोक्यावरचा ५५० किलोमीटर उंचीचा उपग्रह वर्षभर पृथ्वीच्या सावलीत असतो. फोटो संध्याकाळी साडेसातचा असेल तर उपग्रह म्हणा, रात्री साडेबाराचा असेल तर पुन्हा विमानाकडे वळा. हेवन्स-अबव्हवर तुमच्या गावाच्या त्या दिवसाच्या फेऱ्या मिळतात.

उल्का फोटोत दोन्ही टोकांना निमुळती होते आणि एकाच फ्रेममध्ये असते, पुढच्या-मागच्या फोटोत काही नाही. ऑगस्टातला ययाती तारकासमूहातून येणारा उल्कावर्षाव आपल्याकडे ढगांत जातो. १४ डिसेंबरच्या आसपासचा मिथुनेचा बरा.

जळत, तुकडे होत, सावकाश जाणारं काही अर्धा-एक मिनिट दिसलं असेल तर ती नेहमीची उल्का नव्हे. २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात आणि मध्य प्रदेशात लोकांनी हेच टिपलं. तो चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा असल्याचं जाणकारांनी कक्षेवरून जुळवलं, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलेलं मिळालं.

इथे थांबा

एकच फोटो, वेळ माहीत नाही, कातरलेला, आणि मूळ फाइल नाही: थांबा. यातून कुणालाच काही काढता येणार नाही, तुम्हालाही नाही.

दिव्यांभोवती कायमचं धुकं येतंय आणि भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसताहेत: पावसाळ्यात कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याला बुरशी लागली आहे. भिंग स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या. पुढच्या वेळी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

आकाशातून पडलेलं काही प्रत्यक्ष सापडलं: हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, ११२ला फोन करा. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. धावपट्टीच्या वाटेवर ड्रोन दिसला तरीही पोलिसच.

मोठा अग्निगोल टिपलात तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या ऑनलाइन अर्जात नोंद करा, तिथे सामान्य लोकांच्या नोंदी घेतात. आणि तारा नकाशात नाही, दोन वेगळ्या कॅमेऱ्यांत आहे, इतर ताऱ्यांबरोबर सरकतोय, दुसऱ्या रात्रीही तिथेच आहे, असं असेल तर फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढवून त्याची नेमकी जागा काढा आणि मग गप्प बसून जाणत्या माणसाला दाखवा. वरळीचं नेहरू तारांगण आहे, खगोल मंडळातली वांगणीला रात्री काढलेली मंडळी आहेत. सोबत पाच गोष्टी द्या: मूळ फाइल, आधीचा-नंतरचा फोटो, मिनिटासकट वेळ, उभे होतात ती जागा, आणि कुठल्या दिशेला तोंड होतं ते. सोसायटीच्या ग्रुपवर ‘नवतारा’ हा शब्द त्यांचं उत्तर येईपर्यंत टाकू नका. मी टाकला होता.

माझ्या कॉम्प्युटरवर ‘राहिलेले’ नावाचं एक फोल्डर आहे. या सगळ्यातून पार झालेले, तरी न सुटलेले अकरा फोटो त्यात आहेत. अकरापैकी नऊ एकेकटे आहेत, दुसरा फोटो कुणी काढलाच नव्हता.